नस नक्की कोणती? रात्री पायाला येणाऱ्या मुंग्यांविषयी वाचकांचे प्रश्न

या खेपेला पायाच्या मुंग्यांबद्दल इतकी पत्रं आली की सगळी जागा त्यांनाच दिली आहे. उत्तरांकडे वळण्याआधी एका शब्दाचा गुंता सोडवायला हवा. आपण ‘नस’ म्हणतो तेव्हा तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच नावानं हाक मारत असतो. ‘नस दबली’ म्हणतो तेव्हा ती मज्जातंतू असते, म्हणजे संवेदना वाहून नेणारी तार. ‘नस फुगली’ म्हणतो तेव्हा ती शीर असते, पायातलं रक्त हृदयाकडे परत नेणारी. आणि ‘नस ब्लॉक झाली’ म्हणतो तेव्हा बहुधा रोहिणी असते, हृदयाकडून पायाला रक्त पोचवणारी. तिघींचे आजार वेगळे, तपासण्या वेगळ्या, उपचारही वेगळे. एकीचा उपचार दुसरीला घातक ठरू शकतो. आलेल्या पत्रांतली निम्मी फरफट या एका शब्दापायी झालेली दिसते.

प्रश्न : वय ५८, मधुमेह ११ वर्षं. सात-आठ महिने झाले, रात्री अंथरुणावर पडलं की दोन्ही तळव्यांना मुंग्या येतात, आग होते, पांघरूण पायाला लागलेलं सहन होत नाही. थंड फरशीवर उभं राहिलं की जरा बरं वाटतं. ‘पायाला रक्त पोचत नाही’ असं सांगून डॉपलर करायला लावला, तो नॉर्मल आला. तरीही रक्ताभिसरणाच्या गोळ्या दिल्या. चार महिने घेतल्या, फरक नाही. (सातारा)

तुमची लक्षणं मज्जातंतूंकडे बोट दाखवतात. दोन्ही पायांना सारखाच त्रास, आग, पांघरुणाचा स्पर्शसुद्धा नकोसा, हे मधुमेहातल्या मज्जातंतूंच्या विकाराचं नेहमीचं रूप आहे. कमरेपासून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे हे तंतू जवळजवळ एक मीटर लांब असतात. तंतू जितका लांब, तितका वाढलेल्या साखरेचा मार त्याला आधी बसतो. म्हणून सुरुवात बोटांच्या टोकांना होते आणि मोजा चढवावा तसा त्रास वर सरकतो. तो गुडघ्याच्या आसपास आला की हातांच्या बोटांनाही सुरुवात होते.

रात्रीच का, हा प्रश्न जवळपास प्रत्येक पत्रात आहे. दिवसा चालणं, चपलेचा स्पर्श, कामाची गडबड यांच्या संवेदना मेंदूकडे सतत जात असतात, त्यांत दुखावलेल्या तंतूंचे चुकीचे संदेश झाकले जातात. रात्री बाकी सगळं शांत होतं आणि पांघरुणात पाय गरमही होतात. रक्तपुरवठा कमी असलेल्याला रात्री त्रास होतो त्याचं कारण मात्र अगदी वेगळं आहे. माणूस उभा असताना रक्ताच्या स्तंभाच्या वजनामुळे घोट्याजवळच्या दाबात साधारण ९० मिलिमीटरची भर पडते. आडवं झालं की ती भर जाते, शिवाय झोपेत रक्तदाबही उतरतो. अरुंद झालेल्या रोहिणीतून कसंबसं पोचणारं रक्त तेव्हा बोटांपर्यंत जात नाही.

इथे एक गफलत होऊ शकते. उभं राहून बरं वाटणं दोन्ही आजारांत असतं. तुम्हाला आराम फरशीच्या थंडाव्यानं मिळतो की पाय खाली आल्यानं, हे एका रात्री पडताळून बघा. त्रास सुरू झाला की पलंगाच्या कडेला बसून पाय नुसते खाली सोडा, फरशीला टेकवू नका. एवढ्यानं दोन-चार मिनिटांत आराम पडला तर रोहिणीचा संशय घ्यायला हवा. काहीच फरक पडला नाही आणि ओला टॉवेल ठेवल्यावर बरं वाटलं, तर मज्जातंतू.

आता तुमचा डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह बघणारी तपासणी. रिपोर्टच्या मथळ्यात ‘व्हीनस’ आहे की ‘आर्टीरियल’, ते बघा. व्हीनस डॉपलर शिरांचा असतो. त्यात गुठळी आहे का, झडपा गळतात का, एवढंच कळतं. पायाला रक्त पोचतं की नाही, हे त्या रिपोर्टवरून सांगता येत नाही. रोहिणीसाठी आर्टीरियल डॉपलर लागतो, किंवा त्याआधी घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाची तुलना. ती खाली तिसऱ्या उत्तरात दिली आहे. ११ वर्षांचा मधुमेह आहे म्हणजे ही तुलना तुम्ही एकदा करायलाच हवी, कारण मधुमेहात दोन्ही आजार एकाच पायात नांदू शकतात.

घरी करता येईल अशी एक तपासणी सांगतो. तुम्ही डोळे मिटून पडा. घरातल्या कुणीतरी तर्जनीच्या टोकानं तुमच्या पायाच्या बोटांच्या टोकांना हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, चोळायचं नाही, टोचायचं नाही. क्रम असा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. स्पर्श कळताक्षणी ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं. कळलं नाही तर तिथे पुन्हा प्रयत्न करायचा नाही, चूक धरायची. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पायाची संवेदना कमी झाली आहे आणि पायाला नकळत जखम होण्याचा धोका आहे.

रक्ताच्या तपासण्यांत एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), बी१२, टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) करून घ्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ नक्कीच, कारण या गोळीनं त्याचं शोषण कमी होतं आणि सगळं खापर मधुमेहावर फुटतं. आगीसाठी प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन यांपैकी एखादं औषध डॉक्टर कमी मात्रेत सुरू करून हळूहळू वाढवतात. त्रास निम्म्यानं कमी झाला तर औषध चांगलं लागू पडलं असं समजावं. प्रीगॅबालिननं पायावर सूज येऊ शकते. लघवी अडकत असेल किंवा काचबिंदू असेल तर अमिट्रिप्टिलिन लिहून घेण्याआधी तसं सांगा. रक्ताभिसरणाच्या गोळ्यांचा या आगीला उपयोग नाही.

साखर आटोक्यात आणायचीच, पण बेतानं. एचबीए१सी तीन महिन्यांत २ अंकांपेक्षा जास्त घसरलं, समजा ११ वरून ८ वर आलं, तर काहींच्या पायांची आग काही महिने उलट भडकते. तशा वेळी घाबरून औषध सोडू नका.

प्रश्न : माझे मिस्टर ४४ वर्षांचे, यंत्रमागावर काम. वीस वर्षं विड्या, शिवाय तंबाखू. शंभर-दीडशे पावलं चालले की डाव्या पोटरीत गोळा येतो, थांबले की दोन-तीन मिनिटांत जातो. महिना झाला, रात्री पायाच्या बोटांत मुंग्या आणि ठणका. पाय खाली सोडून बसल्या बसल्याच झोपतात. अंगठ्याच्या कडेला छोटी जखम आहे, तीन आठवडे भरत नाही. तेलानं मालिश आणि गरम पाण्याचा शेक चालू आहे. (इचलकरंजी)

ताई, शेक आणि मालिश आजच थांबवा आणि येत्या दोन-तीन दिवसांत त्यांना रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाकडे, म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जनकडे न्या. हा त्रास रक्तपुरवठ्याचाच वाटतो, आणि तो पुढच्या टप्प्यावर गेला आहे.

ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा, नुसतं उभं राहिलं की काही मिनिटांत मोकळं, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा गोळा, ही अरुंद रोहिणीची खूण. स्नायू काम करू लागले की त्यांना कितीतरी पट रक्त लागतं, ते मिळत नाही. कमरेच्या मणक्यात जागा कमी झाली तरी चालताना पाय भरून येतात, पण त्या माणसाला उभं राहून बरं वाटत नाही. त्याला बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. तुमच्या मिस्टरांना आता आडवं पडल्यावरही रक्त पुरत नाही, आणि जखम भरायला विश्रांतीपेक्षा जास्त रक्त लागतं. म्हणून ती भरत नाही.

शेकानं नुकसान का? उष्णतेनं कातडीची रक्ताची गरज वाढते आणि पुरवठा तर तेवढाच राहतो. त्यातून भाजलं तर दुसरी जखम. रात्रभर पाय खाली सोडून बसल्यानं पायावर सूज चढते आणि सूज आली की बोटांना आणखी कमी रक्त मिळतं. दाखवेपर्यंत पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून ती बाजू १० ते १५ सेंटिमीटर उचला. तेवढ्या उतारानंही बरीच माणसं झोपू शकतात. पाय उशीवर ठेवायचा नाही. जखम स्वच्छ कोरड्या गॉजनं सैल झाका, हळद किंवा कुठली पूड भरू नका.

चाळिशीतला माणूस, विडी, पायाची बोटं: यावरून डॉक्टर बर्गरच्या आजाराचाही विचार करतील. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये तो सविस्तर मांडला म्हणून त्यांचं नाव. यात लहान आणि मध्यम रोहिण्यांना सूज येऊन त्या गुठळ्यांनी बंद होत जातात. तंबाखू पूर्ण बंद, हाच त्यावरचा मुख्य उपचार. इथे ‘दिवसाला दोनच’ चालत नाही. विडी सोडून तंबाखू-चुना, मशेरी, गुटखा चालू ठेवला तरी आजार धुमसत राहतो. निकोटीनची च्युइंग गमही या आजारात आपल्या मनानं घेऊ नये, डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

तिथे गेल्यावर घोट्याचा दाब मोजतील, मग आर्टीरियल डॉपलर, आणि गरजेप्रमाणे सीटी अँजिओग्राफी, म्हणजे औषध सोडून सीटी मशिननं काढलेली रक्तवाहिन्यांची चित्रं. तिच्यात जे औषध शिरेतून देतात ते मूत्रपिंडांवर ताण आणतं, म्हणून आधी क्रिएटिनिन बघतात. पुढे फुग्यानं रोहिणी रुंद करायची की बायपास, हे अडथळा कुठे आणि किती लांब आहे त्यावर ठरतं. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा.

ज्यांना फक्त चालताना गोळा येतो, रात्रीचा ठणका किंवा जखम नाही, त्यांच्यासाठी मात्र चालणं हेच औषध आहे. गोळा बऱ्यापैकी जाणवेपर्यंत चालायचं, पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, पुन्हा चालायचं. असं थांबत थांबत ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून निदान तीनदा, किमान १२ आठवडे. बहुतेक जण दुखायला लागलं की घाबरून घरी परततात, म्हणून फरक दिसत नाही. गोळा आल्यानं स्नायूला इजा होत नसते. याच्या जोडीला रक्त पातळ ठेवणारी एक गोळी आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, कोलेस्टेरॉल ‘नॉर्मल’ असलं तरी. सिलोस्टाझोल नावाच्या गोळीनं चालण्याचं अंतर वाढतं, पण हृदय कमजोर झालेल्यांनी, हार्ट फेल्युअर असलेल्यांनी ती घ्यायची नसते.

प्रश्न : घोट्याचा रक्तदाब कसा मोजतात? घरच्या बीपी मशिनवर जमेल का? (नाशिक)

घरच्या मशिनवर नीट जमत नाही. घोट्याशी स्टेथोस्कोपनं आवाज ऐकू येत नाही, आणि रक्तपुरवठा कमी असेल तेव्हाच, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी, घरगुती मशीन चुकतं. या तपासणीला पेन्सिलीएवढा हातात धरायचा डॉपलर लागतो. वेळ जेमतेम पंधरा-वीस मिनिटं, सुई नाही, दुखत नाही.

आधी दोन तास विडी-सिगारेट आणि चहा-कॉफी नको. पाच-दहा मिनिटं उताणं, सपाट पडायचं. बसून मोजलं तर घोट्याचा आकडा खोटाच जास्त येतो. दोन्ही दंडांचा वरचा दाब घेतात आणि त्यातला मोठा धरतात. मग प्रत्येक घोट्यावर पट्टा बांधून दोन ठिकाणी मोजतात, पावलाच्या पाठीवर आणि आतल्या घोट्याच्या मागे. त्यातलाही मोठा धरतात. घोट्याचा आकडा भागिले दंडाचा आकडा. दंडाचा १४० आणि घोट्याचा ९८ असेल तर ०.७०.

१ ते १.४ ठीक. ०.९ किंवा कमी म्हणजे रोहिणीचा आजार. ०.४ च्या खाली गेलं तर पाय धोक्यात. ०.९ ते १ च्या मधे असेल आणि चालताना गोळा येत असेल, तर चालवून लगेच पुन्हा मोजायला सांगा. आकडा १.४ च्या वर आला तर ‘फारच छान’ म्हणून घरी जाऊ नका. जुन्या मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात रोहिणीच्या भिंतीत चुना साचतो, पट्टा कितीही फुगवला तरी ती दबत नाही, आणि आत रक्त कमी असूनही आकडा भरघोस येतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात, तिथल्या रोहिण्या सहसा कडक झालेल्या नसतात. अंगठा भागिले दंड ०.७ पेक्षा कमी म्हणजे पुरवठा कमी.

घरी करता येण्यासारखं म्हणजे नाडी चाचपणं. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या फटीतून सरळ वर, पावलाच्या पाठीवर या. मधोमध दोन-तीन बोटं हलकी ठेवा. जोरात दाबलं तर तुमच्याच बोटांची नाडी लागते. दुसरी जागा आतल्या घोट्याच्या हाडामागच्या खळगीत. पावलावरची नाडी काही निरोगी माणसांत जन्मतःच लागत नाही, घोट्यामागची सहसा लागते. दोन्ही लागल्या नाहीत तर तपासून घ्या. आणखी एक: पडून दोन्ही पाय ४५ अंशांत वर, कुणाच्या तरी आधारानं, मिनिट-दोन मिनिटं धरा. तळवा पांढराफटक पडला आणि नंतर पाय खाली सोडल्यावर जांभळट लाल झाला, तर रक्तपुरवठा कमी असण्याची दाट शक्यता आहे.

प्रश्न : वय ३४, पूर्ण शाकाहारी. पायाला मुंग्या, बी१२ १६२. दोन वर्षं ‘नसांची’ मल्टिव्हिटॅमिन गोळी घेते, तरी मुंग्या वाढतच आहेत. (पुणे)

२०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. गोळी घेऊनही १६२ असेल तर त्या गोळीतली मात्रा पुरेशी नाही किंवा पोटात शोषण होत नाही. वेष्टनावर दोन आकडे बघा. बी१२ किती मायक्रोग्रॅम आहे? कमतरता भरून काढायला तोंडानं रोज १००० ते २००० मायक्रोग्रॅम लागतात, किंवा इंजेक्शन. मुंग्या वाढत आहेत म्हणून तुमच्या बाबतीत सुरुवात इंजेक्शननं करणं योग्य. दुसरा आकडा पायरिडॉक्सिनचा, म्हणजे बी६ चा. ते दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या आसपास, महिनोन्महिने पोटात गेलं तर त्यानंच मज्जातंतू बिघडतात आणि मुंग्या येतात. काहींना याहून कमी मात्राही बाधते. (क्षयाच्या औषधांबरोबर दिली जाणारी बी६ ची छोटी गोळी वेगळी. ती मुंग्या टाळण्यासाठीच असते, ती बंद करू नका.)

बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटल्यावर झोक जातो का? अंधारात चालताना पाय कुठे पडतोय ते कळत नाही, असं होतं का? होत असेल तर कमतरता पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत पोचली आहे, उपचार लांबवू नका. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका, रक्त ठीक असतानाही तंतू खराब होतात. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्त सुधारतं आणि तंतूंचं नुकसान आत चालूच राहतं.

रोजची गरज २ ते अडीच मायक्रोग्रॅम. पाव लिटर दुधात साधारण १ असतं. इडली-ढोकळ्याच्या आंबवण्यातून किंवा स्पिरुलिनातून बी१२ मिळतं यावर विसंबू नका. पित्ताची गोळी, पँटोप्राझोल किंवा ओमेप्राझोल, वर्षानुवर्षं रोज सकाळी घेण्याची सवय असेल तर तिचीही खरंच गरज आहे का ते विचारा, तिनंही शोषण कमी होतं. रक्त काही आठवड्यांत सुधारेल, तंतूंना महिने लागतात. पहिल्या काही आठवड्यांत मुंग्या थोड्या वाढल्यासारख्या वाटल्या तरी उपचार चालू ठेवा.

प्रश्न : फक्त उजव्या पायाला, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला आणि पावलाच्या पाठीवर मुंग्या. दिवसभर खुरपणीला उकिडवं बसावं लागतं. (चंद्रपूर जिल्हा)

एकाच पायाला आणि ठरावीक पट्ट्यात, म्हणजे एकच मज्जातंतू. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरासं खाली, हाडाची गोटी लागते. तिच्या मानेला वळसा घालून एक तंतू अगदी कातडीखालून जातो. उकिडवं बसलं किंवा पायावर पाय टाकला की तो दबतो. मांडी घालून पाय ‘झोपतो’ तेव्हाही दबलेला असतो तो तंतूच. मोठी रोहिणी चालूच असते, नाडी चाचपून बघा, लागेल. दर वीस मिनिटांनी उठून चार पावलं टाका, छोट्या पाटावर बसून खुरपता आलं तर उत्तम. टाचांवर चालून बघा. पाऊल वर उचलत नसेल, चप्पल निसटत असेल, तर लगेच डॉक्टर.

दुसरी शक्यता मोकळेपणानं सांगायला हवी. कुष्ठरोगातही नेमका हाच तंतू जाड होतो. पायावर किंवा अंगावर कुठे फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, तिथे स्पर्श किंवा गरम-थंड कळतं का, बघा. असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. औषध फुकट मिळतं, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांत कोर्स पुरा होतो, आणि वेळेत घेतलं तर पाय लुळा पडत नाही. त्रास कमरेपासून खाली उतरत असेल, खोकताना कळ जात असेल, तर कारण मणक्यात आहे. बसण्याची जागा बधिर झाली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय.

प्रश्न : शिक्षिका, वय ४७. संध्याकाळी पाय जड, घोट्याला सूज, पोटरीवर निळ्या फुगलेल्या शिरा. रात्री पाय वळतात. मोजे घालू का? (सोलापूर)

तुमचा त्रास उलट्या दिशेचा आहे. रक्त पोचतं, पण परत जात नाही. पाय उशीवर ठेवल्यावर बरं वाटतं ना? रोहिणीच्या आजारात तसं केल्यानं दुखणं वाढतं. मोज्यांचा उपयोग होईल, पण मधुमेह असेल, तंबाखू असेल किंवा पावलावरची नाडी लागत नसेल, तर आधी घोट्याचा दाब मोजून घ्या. रोहिणी अरुंद असलेल्या पायावर दाबाचे मोजे चढवले तर उरलंसुरलं रक्तही अडतं आणि कातडी काळी पडते. तपासणी ठीक असेल तर २० ते ३० मिलिमीटर दाबाचे, गुडघ्याखालपर्यंतचे. माप सकाळी, सूज यायच्या आधी द्यायचं. सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी चढवायचे, रात्री काढायचे. वरचा काठ दुमडायचा नाही, दुमडला की तिथे दोरी आवळल्यासारखं होतं. साधारण सहा महिन्यांत त्यांचा ताण जातो, नवीन घ्यावे लागतात. तासिका संपली की वीस वेळा टाचा उचला, पोटरीचा स्नायूच शिरांचा पंप आहे. आतल्या घोट्याच्या वर कातडी काळपट किंवा कडक होऊ लागली तर व्हीनस डॉपलर करा. तुमच्यासाठी तोच बरोबर.

प्रश्न : सातवा महिना. रात्री पायात किडे वळवळल्यासारखं होतं, हलवल्याशिवाय राहवत नाही. (ठाणे)

हलवलं की थांबतं, पडलं की पुन्हा सुरू होतं, याला अस्वस्थ पायांचा विकार म्हणतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तो बऱ्याच जणींना होतो आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत जातो. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, तपासा. ते ७५ च्या खाली असेल तर हिमोग्लोबिन ठीक असूनही लोह द्यायचा विचार डॉक्टर करतात. लोहाची गोळी चहाबरोबर नको. उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड किंवा सर्दीसाठी झोप आणणारी गोळी चालू असेल तर तसं सांगा, दोन्हींनी हा त्रास वाढतो. पोटरीत घट्ट गोळा येऊन वळणं मात्र वेगळं. तेव्हा गुडघा सरळ ठेवून पाऊल आपल्याकडे ओढून धरा.

प्रश्न : वडिलांना हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आहे. पाय अचानक बधिर झाला तर काय ओळखायचं? (नांदेड)

एकच पाय, अचानक दुखू लागला, पांढरा आणि थंड पडला, नाडी लागेना, बधिरपणा आला, बोटं हलेनात, तर हृदयातून सुटलेली गुठळी रोहिणीत अडकली असण्याची शक्यता आहे. हाताशी साधारण सहा तास असतात, त्यानंतर स्नायू मरू लागतात. सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा आणि जिथे रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया होते तिथेच न्यायला सांगा. चोळायचं नाही, शेकायचं नाही, पाय उंच ठेवायचा नाही. वडिलांची रक्त पातळ ठेवण्याची गोळी एकही दिवस चुकू देऊ नका, गुठळी टाळायची ती हीच गोळी.

प्रश्न : आई ७१ वर्षांची, मधुमेह १९ वर्षं. दोन वर्षं रात्री मुंग्यांनी झोप नव्हती, यंदा त्या आपोआप थांबल्या. ती खूश आहे आणि वारीला चालत जाते म्हणते. पाठवू का? (बारामती)

मुंग्या औषधाशिवाय थांबल्या, याची आम्हाला काळजी वाटते. मुंग्या येण्यासाठी तंतू जिवंत असावा लागतो. पहिल्या उत्तरातली सहा बोटांची तपासणी आजच करा. स्पर्श कळत नसेल तर त्रास संपलेला नाही, संवेदना संपली आहे. अशा पायात चालताना पोटरीत गोळा आलेलाही नीट कळत नाही, म्हणून रक्तपुरवठ्याचा आजारही लपून राहतो.

आळंदी किंवा देहूहून पंढरपूर म्हणजे साधारण अडीचशे किलोमीटर, तीनेक आठवडे, बहुधा पावसात. निघण्याच्या महिनाभर आधी घोट्याचा आणि अंगठ्याचा दाब मोजा. पुरवठा कमी निघाला किंवा पायाला जखम असेल तर यंदा गाडीनं जाऊन दर्शन घ्या, असं आईंना समजावा. दाब चांगला निघाला तर डॉक्टरांच्या संमतीनं थोडा टप्पा चालता येईल, पण अनवाणी एक पाऊलही नाही. तापलेल्या डांबरावर तळवा भाजला तरी त्यांना कळणार नाही. बूट निदान तीन आठवडे वापरून मऊ झालेले, पुढे रुंद, आणि दोन जोड, म्हणजे ओला झाला तर बदलता येईल. अंगठ्याची चप्पल नको, पट्टा बोटांच्या बेचक्यात घासतो. मोजे पांढरे सुती, रक्त किंवा पू लागला तर लगेच दिसतो. मंदिरातही मोजे घालूनच. बूट घालण्याआधी दर वेळी आत हात फिरवायचा, खडा किंवा वर आलेला खिळा हातालाच लागेल, पायाला नाही.

प्रत्येक मुक्कामाला पाय धुऊन बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या, तळव्याखाली आरसा धरून बघायचं. आईंना वाकवत नसेल तर सोबतच्या कुणी तरी बघायचं. खोबरेल तेल टाचेला लावा, बेचक्यात नाही. पाणी किती गरम आहे ते आईंनी पायानं बघायचं नाही, दुसऱ्यानं कोपरानं बघायचं. थकलेल्या पायांना गरम पाण्याची पिशवी नाही, शेगडीजवळ बसणं नाही. कुरूप काढायच्या पट्ट्या लावायच्या नाहीत, त्यांतल्या अ‍ॅसिडनं खड्डा पडतो. भेगा ब्लेडनं कापायच्या नाहीत. फोड आला तर फोडायचा नाही, स्वच्छ गॉज लावून वाटेवरच्या वैद्यकीय पथकाला त्याच दिवशी दाखवायचं आणि तिथून पुढचं अंतर वाहनातून. पाऊल एकाच ठिकाणी लाल आणि दुसऱ्या पायापेक्षा गरम लागलं, पाणी गळू लागलं किंवा बोट काळसर दिसलं, तर दुखत नसलं तरी तिथूनच रुग्णालय.